सहा लाखांत पळणारी गाडी हवी. पोलो घेऊ की स्विफ्ट?

वाचकाचं पत्र

मी कळंब्याला राहतो, नोकरी गोकुळ शिरगावला. वय २९. सगळं धरून बजेट सहा लाख. महिन्याला साधारण ९०० किलोमीटर गाडी फिरेल. घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी, कधीमधी आई-बाबा. रविवारी पन्हाळा, पावसाळ्यात गगनबावडा हे ठरलेलं. मला चालवायला मजा येईल अशी छोटी पण जोरकस गाडी हवी आहे. एका डीलरकडं २०१५ ची पोलो जीटी टीएसआय बघितली. ऑटोमॅटिक, बेळगाव पासिंग, ७८ हजार किलोमीटर. पावणेपाच लाख सांगतोय. बाबा म्हणतात, मुकाट्यानं स्विफ्ट घे. मित्र म्हणतो, कुठलीही टर्बो घे, रीमॅप करून देतो, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देतो. काय करू?

उत्तर

तुमचे बाबा फारसे चुकत नाहीत. मित्र चुकतो. पण आधी पैशांचं बोलू.

खिशात सहा लाख असतील तर गाडी पाच लाखांची बघायची आणि एक लाख तिच्यावर खर्चायला ठेवायचा. सहा-आठ वर्षं वापरलेली गाडी मजा देत नाही तेव्हा दोष इंजिनाचा क्वचितच असतो. टायरचं रबर कडक झालेलं असतं, शॉकअप बसलेले असतात, लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडणीतले रबर) फाटलेले असतात, ब्रेक ऑइल तर कुणी कधी बदललेलंच नसतं. हे सगळं दुरुस्त होतं, पण हातात पैसे उरले असतील तर. १९५/५५ आर१६ मापाचे चार चांगले टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यातच तीस हजारांच्या आसपास जातात. चारही शॉकअप, वरचे माउंट, बुश आणि लिंक रॉड यांना जवळपास तेवढेच धरा. शिवाय पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, प्लग, फिल्टर, कूलंट. ट्रान्सफर आणि विमा निराळे. लाख कुठं गेला ते कळतही नाही. सहा लाख गाडीतच घालणारा माणूस पुढची दोन वर्षं खडखडणारी हॉट हॅच (छोटी पण जोरकस गाडी) चालवतो आणि मग स्विफ्टवाल्या बाबांचं ऐकायला हवं होतं म्हणतो.

आता ती पोलो. गाडी म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखं फार नाही. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (ओढ), महामार्गावर रस्त्याला चिकटून चालते. पण १.२ ची जीटी टीएसआय आपल्याकडं फक्त सात स्पीडच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आली आणि तुमची सगळी जोखीम त्या डब्यात आहे. त्यात दोन कोरडे क्लच असतात. एक पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. ते ऑइलमध्ये बुडालेले नसतात, त्यामुळं तापले की निवायला वेळ घेतात. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला गाडी पाच-पाच फूट सरकते तेव्हा, किंवा जोतिबाच्या चढावर यात्रेच्या रांगेत ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली जाते तेव्हा, घासतात ते हेच क्लच.

दुसरं दुखणं मेकाट्रॉनिकचं. हे गिअर बदलणारं युनिट; हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र. त्यात दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर बसतो त्या जागी ॲल्युमिनियमच्या बॉडीला तडा जातो, ऑइल गळतं, दाब टिकवायला पंप सारखा चालत राहतो आणि एके दिवशी डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं. मग फक्त विषम गिअर पडतात, किंवा रिव्हर्स पडेनासा होतो, किंवा गाडी न्यूट्रलमध्येच उभी. नवं युनिट टाकायचं तर खर्च लाखाच्या पुढं.

तरी मन भरत नसेल तर डीलरला एक दिवस आधी सांगून सकाळी जा. गाडी रात्रभर बंद असायला हवी. बोनेटला हात लावून बघा, कोमट लागला तर परत फिरा. चालू करून डी टाका, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी सलग सरकायला हवी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलक्या पायावर अंग थरथरलं तर क्लच पॅक संपत आलाय. थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना ठक्क आवाज आला तरी सावध. मग स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे जुने कोड वाचून घ्या. पी१७बीएफ किंवा पी१८९सी दिसला तर पुढं बोलायचं नाही, कारण हे दोन्ही मेकाट्रॉनिकमधल्या दाबाच्या गोंधळाचे कोड आहेत. डीलरनं तुमच्यासमोर स्कॅन करून द्यायला नकार दिला, तर तेच उत्तर समजा.

शिवाय ती केए-२२ पासिंगची. बेळगाव आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी आणायची, मग एमएच-०९ चा नंबर घ्यायचा, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला हा दर ११ टक्के आहे. तो मूळ किमतीवर, गाडीच्या वयानुसार घट धरून लावतात. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज, पाठपुरावा आणि बेळगावच्या फेऱ्या मूळ मालकाला कराव्या लागतात. बेळगाव पासिंगची गाडी चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसते ती यामुळं. वर २०३० मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील आणि नोंदणी नूतनीकरणाची तपासणी समोर येईल. ही पोलो सोडा.

२०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय, सहा स्पीड मॅन्युअल पोलो (११० पीएस) मात्र उत्तम गाडी आहे. डीएसजीचं दुखणंच नाही. पण पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबल्यावर तिचा भाव चढलाय, पाच लाखांत चांगली मिळणं अवघड. मिळाली तर इतकी स्वस्त का मिळतेय हे आधी शोधा.

मग तुमच्यासाठी काय? आमची पहिली पसंती मारुती बलेनो आरएस. २०१७ ते २०१९ च्या गाड्या बघा. एक लिटरचं तीन सिलिंडर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, १५० एनएम, पाच स्पीड मॅन्युअल, मागंही डिस्क ब्रेक. महत्त्वाचं म्हणजे वजन फक्त ९५० किलो, म्हणजे टनामागं १०७ पीएस. त्या काळातली ८३ पीएसची पेट्रोल स्विफ्ट हिशेब केला तर ९५ च्या आसपास येते. बाबांची गाडी वाटते तितकी मागं नाही ती अशी. पण वाघबीळकडून पन्हाळ्याला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला पाय दाबलात की टर्बो काय करतो ते कळेल. स्विफ्टला तिथं दुसरा टाकावा लागतो.

आरएस घेताना एक गोष्ट तपासल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीनं ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या त्या गाड्या. कारण, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता. पंप कमजोर झाला की ब्रेक लागतात, पण पायाला जास्त जोर द्यावा लागतो. करूळ घाट उतरताना ही गंमत नको. चॅसी नंबर देऊन नेक्साच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, काम झालंय का ते सांगतात. झालं नसेल तर ते फुकट होतं. जागेवर पाहायचं तर इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल घट्ट होईल. ते तसंच दाबून धरून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर मदत पोचते आहे. दगडासारखं राहिलं तर नाही.

दुसरी पसंती ह्युंदाई ग्रँड आय१० निऑस टर्बो, २०२० ते २०२२. १०० पीएस, १७२ एनएम, पाच स्पीड मॅन्युअल. बाहेरून बघणाऱ्याला ती साधी निऑस वाटते, त्यामुळं विकणाराही बऱ्याचदा साध्या निऑसच्या भावाजवळ येतो. हेच टर्बो इंजिन व्हेन्यूमध्येही आहे, सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक कोल्हापुरात सहज मिळतात. तिची एक बाजू मात्र स्पष्ट सांगायला हवी. गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत निऑसला दोन तारे मिळाले. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, हा मुद्दा बायकोबरोबर बसून ठरवा. त्यावर अडलं तर टाटा अल्ट्रोज आय-टर्बो बघा. ११० पीएस, १४० एनएम, आणि अल्ट्रोजला पाच तारे आहेत. चेसिस छान, वळणावर ठाम. इंजिन तेवढं उत्साही नाही, खाली दाबलं तर थोडा विचार करून पळतं.

फोर्ड फिगो १.५ डिझेलही नजरेआड करू नका. १०० पीएस आणि २१५ एनएम, या पैशांत हा टॉर्क भरपूर आहे. फिगो एस मिळाली तर सस्पेन्शनही कडक. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद केल्यामुळं ती स्वस्त आहे. इंजिन इकोस्पोर्टमध्येही असल्यानं इंजिनाचे भाग मिळतात, बॉडीचे भाग शोधावे लागतात. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा; बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून भावात कापा. महिन्याला ९०० किलोमीटरला डिझेलची गरज नाही, पण ते नुकसानीचंही नाही.

टियागो जेटीपी आणि पुंतो अबार्थ या जोरकस छोट्या गाड्यांची नावं तुमच्या मित्रानं घेतली असतीलच. अबार्थचे १४५ पीएस म्हणजे नाद खुळा, पण घरात दुसरी गाडी असलेल्या माणसानं घ्यायची. एखाद्या भागासाठी तीन आठवडे गाडी उभी राहिली तर गोकुळ शिरगावला तुम्ही केएमटीच्या बसनं जाणार का?

आता कोल्हापुरात गाडी घेणाऱ्यानं सर्वांत जास्त वेळ जिथं द्यायचा ते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्कात घुसलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, सांगलीतही तेच. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात आल्या. सीट कव्हर नवी आणि डॅशबोर्ड चकाचक असेल तर उलट शंका घ्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. गाळाची रेघ तिथं राहते, कारण तेवढा बेल्ट कुणी धूत नाही. स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, कोपऱ्यात बारीक चिकट माती सापडते. पुढच्या सीटच्या रुळांखाली बोटं फिरवा, बोल्टला आतून गंज आहे का पाहा. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमचा वास घ्या. फ्यूज बॉक्समधला एखादा कनेक्टर सोडवून पिन हिरव्या पडल्यात का बघा. मग चावी फिरवा पण इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरपाशी, जमिनीलगत असतं. पाणी सगळ्यात आधी तिथं पोचतं.

कागदावरूनही पूर कळतो. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. २०१७ ची गाडी, मालक एकच, आणि २०२२ च्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर २०२१ च्या सुमाराला क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा आणि क्लेमचे कागद मागा. मालक बदलला असेल तर बोनस तसाही शून्यावर येतो, तेवढं ध्यानात ठेवा.

किलोमीटर खरे आहेत का, हे मीटर बघून ठरत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला प्रत्येक फेरीचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाला बरोबर घेऊन तो इतिहास काढा. टर्बो गाडीत त्याच कागदावर ऑइल कधी बदललं तेही दिसतं. वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला एकदा बदललेलं असलं पाहिजे. मध्ये दीड-दोन वर्षांची फट असेल तर टर्बोच्या बेअरिंगनं ती भोगलेली असते. टायरवरचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. २०१९ ची गाडी, किलोमीटर २५ हजार, आणि टायर मात्र २०२२ चे? मग मीटर खोटं बोलतंय, किंवा टायर कापले गेलेत.

चालवून बघताना शहरात एक चक्कर मारून "बरी आहे" म्हणू नका. महामार्गावर कागलच्या बाजूला मोकळा पट्टा बघून ८० ते १०० च्या दरम्यान चालवा. स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. ब्रेक लावतानाच थरथरलं तर डिस्क. मग चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग मागं राहिला तर क्लच घसरतोय. तिसऱ्यात दीड हजारापासून साडेचार हजारापर्यंत सलग ओढ हवी. मध्येच ढेपाळली आणि फुस्स असा आवाज आला तर इंटरकूलरचा पाइप फुटलाय; हे स्वस्तातलं काम आहे, भाव पाडायला उपयोगी पडतं. परत आल्यावर इंजिन दोन मिनिटं आयडल ठेवून एकदम रेझ द्या आणि मागं कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिथं थांबायचं.

एवढं पार पडलं की गाडी शिवाजी उद्यमनगरात तुमच्या ओळखीच्या गॅरेजला लिफ्टवर घ्या. डीलरच्या ओळखीच्या नव्हे. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बघायचा, एका बारपेक्षा जास्त नको. पेंट मोजायचं मीटर असेल तर छत आणि खांब मोजा. कंपनीचा रंग १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. दारावर ३०० आला तर फक्त रंगकाम, खांबावर आला तर गाडी मोठ्या अपघातातली.

रीमॅप करू नका. पहिलं कारण विमा. न सांगता केलेला बदल सापडला तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत असे फेरफार करू देत नाही. दुसरं, वाढलेला टॉर्क आधी क्लचला खातो. तेच पैसे टायर आणि ब्रेक पॅडवर घातलेत तर पावसात गगनबावड्याच्या वळणावर फरक लगेच कळेल. तिथं तुम्हाला जास्त पीएसची नाही, कमी घसरण्याची गरज असते. वेगाची खाज असेल तर मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा गो-कार्टिंग ट्रॅक कोल्हापुरातच आहे. तिथं समोरून म्हैस येत नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, पैसे नंतर. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन थकलेलं असेल तर मालकानं भरायचं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लागलीय का बघा. नोंदणीकृत डीलरला जीएसटी १८ टक्के लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून आकडा फुगवत असेल तर समजून जा. दहा-वीस हजार रुपये आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत राखून ठेवायचे, आणि हे लेखी ठरवायचं. विमा व्यवहारापासून १४ दिवसांत नावावर करून घ्या. आरसी यायची वाट बघत तो राहू दिलात आणि मध्येच गाडी कुठं धडकली, तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळवायला भांडावं लागेल.